गिऱ्हाईक अर्धं ठरवूनच येतं: नागपुरातल्या लहान दुकानदारासाठी मार्केटिंगची नवी रीत

मार्चचा तिसरा आठवडा. महालातलं माझ्या मामाजींचं कूलरचं दुकान. दुपारी दीडच्या सुमाराला एक जोडपं आणि त्यांची कॉलेजातली मुलगी आली. मामाजींनी सवयीनं दुकानातला पंखा त्यांच्याकडे वळवला आणि पत्रा किती जाड आहे हे बोटाच्या गाठीनं ठोकून दाखवायला सुरुवात केली. वडील बघत होते, आई बघत होती. मुलगी मोबाइलमध्ये होती. दोन मिनिटांनी तिनं मान वर केली आणि कूलरच्या बाजूंना लावायच्या, पाण्यानं भिजणाऱ्या जाळीबद्दल विचारलं (लाकडाच्या तंतूंची ती घास, कागदी ती हनीकोंब).

“काका, याच्यात घास आहे का हनीकोंब? अन् घास बदलायले माणूस घरी येते का? आम्ही बेस्याले राहतो.”

“येते ना. फोन करायचा फक्त.”

“पण तुमचा नंबर तर गूगलवर नाहीच आहे. दुकान पण कायमचं बंद दाखवून राहिलं.”

मामाजी हसले, पण मला ते वाक्य लागलं. बत्तीस वर्षं उघडं असलेलं दुकान नकाशावर बंद होतं. जाताना वडील म्हणाले, “पाहून येतो भाऊ.” पूर्वी ‘पाहून येतो’ म्हणजे माणूस शेजारच्या दुकानात जायचा, तिथला भाव ऐकायचा आणि अर्ध्या तासात बहुतेक वेळा परत यायचा. आता तो पायरी उतरता उतरता मोबाइलवर पाहतो.

लहान दुकानांचं मार्केटिंग लावून देणं हा गेली काही वर्षं माझा धंदा आहे, आणि घरच्याच दुकानाकडे माझं लक्ष नव्हतं. त्यानंतरच्या दोन हंगामांत जे केलं, जे फसलं आणि जे चाललं, ते इथे क्रमानं लिहितो. उदाहरणं कूलरची जास्त येतील, पण किराणा, कापड, सोनं, मिठाई, सगळीकडे रीत हीच. मुद्दाही एकच आहे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतं तेव्हा त्याचं अर्धं ठरलेलं असतं. उरलेलं अर्धं कशावर अडलंय ते ओळखायचं, आणि त्याचं उत्तर ते जिथे शोधतं तिथे आधीच ठेवायचं. जाहिरात त्यानंतरची गोष्ट.

हे झालं कसं, थोडक्यात

२०१६ हे वर्ष लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओनं डेटा जवळपास फुकट केला, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. एकाच वर्षात माणसाच्या खिशात भाव पाहायचं साधन आणि पैसे द्यायचं साधन दोन्ही आलं. मग मार्च २०२० चं लॉकडाऊन. ज्या आजींनी कधी मोबाइलवरून काही मागवलं नव्हतं, त्यांनीही किराण्याची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवायला सुरुवात केली, आणि ती सवय लॉकडाऊन उठल्यावरही उतरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांची संख्या एका महिन्यात २,००० कोटींच्या वर गेली.

यात दुकानदाराचं एक नुकसान झालं, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. उधारीची वही गेली. त्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव, घर, पगाराची तारीख, मुलीचं लग्न कधी, सगळं असायचं. क्यूआर कोडवर पैसे येतात तेव्हा स्पीकर फक्त रक्कम सांगतो. माणूस कोण ते कळत नाही. म्हणून पहिली पायरी ही.

पायरी पहिली: पंधरा दिवसांची वही

कुठल्याही एजन्सीला फोन करायच्या आधी चाळीस पानी वही घ्या आणि गल्ल्याजवळ दोरीनं बांधा. पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल एक ओळ लिहायची: वेळ, कुठल्या भागातून आलं, काय विचारलं (त्याच्याच शब्दांत), मोबाइलवर काही दाखवलं का, घेतलं की नाही. आमच्या वहीतलं एक पान असं होतं:

११.१० – ताई, सक्करदरा. फक्त घास. “मागच्या वर्षीची दोन महिन्यांत सडली.” घेतली.
१२.०० – मुलगा, हिंगणा रोड. भाड्याची खोली. “खिडकीले स्टँड लावू देत नाही घरमालक.” छोटा प्लास्टिकचा पाहिजे होता, नव्हता. गेला.
१.३० – तिघं, बेसा. मोबाइल दाखवला. घरी सर्व्हिस येते का. गेले.
४.४५ – काका, महाल. जुना देऊन नवा. घेतला.
६.२० – फोन, पुण्याहून. आईबाबा प्रतापनगरात. “फिटिंग झाल्याचा फोटो पाठवाल का?” मामाजींनी ‘नाही जमत’ म्हटलं.
७.३० – जोडपं, मनीषनगर. “कूलर घेऊ की ईएमआयवर एसी?” गेले.

‘घेतलं नाही’ असलेल्या ओळी जास्त कामाच्या असतात. दुकानदाराला वाटतं की माणूस भावावरून गेला. आमच्या वहीत पंधरा दिवसांत भावावरून गेलेले फार थोडे निघाले. जास्त लोक गेले ते घरी येऊन कोण बसवून देईल, जुन्या कूलरचं काय करायचं, आणि एसी का घेऊ नये या तीन प्रश्नांवर. यातलं एकही उत्तर आमच्या पाटीवर नव्हतं. पाटीवर होतं ‘रास्त भाव, उत्तम माल’.

एसीचा प्रश्न पुढच्या हंगामात आणखी टोकदार झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कूलरवर तो आधीपासून १८ होता. म्हणजे कूलरवाल्याच्या बाजूनं असलेलं करातलं अंतर मिटलं. असे बदल पेपरात वाचून सोडून देऊ नका, वहीच्या मागच्या पानावर टिपा. गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न बहुधा तिथूनच येतो.

पायरी दुसरी: ठरवतं कोण, ते वेगळं काढा

पूर्वी पैसे देणारा, वापरणारा आणि निवडणारा बहुतेक एकच माणूस असायचा, किंवा निदान तिघं एकाच वेळी दुकानात असायचे. आता हे तीन जण तीन ठिकाणी असतात. पुण्याहून आलेला तो फोन बघा. पैसे मुलगा देणार, तेही पुण्यातून. वापरणार प्रतापनगरातले आईवडील. आणि निवड होणार व्हिडिओ कॉलवर. नागपुरातली किती तरी मुलं हिंजवडीत नाहीतर बंगळुरात आहेत. अशा घरांसाठी तुमचं खरं गिऱ्हाईक नागपुरात राहतच नाही.

त्या मुलाला स्वस्त कूलर नको होता. बाबांना शिडीवर चढावं लागू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याला परत फोन केला, कूलर बसवला, स्टँड भिंतीला पक्कं झाल्याचा, पाणी सुरू झाल्याचा आणि बाबा समोर बसल्याचा असे तीन फोटो पाठवले. त्यानं ऑफिसातल्या आणखी एका नागपूरकराला नंबर दिला. आता फोटो पाठवणं हा फिटिंगच्या मुलाच्या कामाचा भाग आहे. फोटो नाही तर त्या फेरीचे पैसे नाहीत.

तुमच्या वहीत प्रत्येक ओळीपुढे तीन अक्षरं लिहा: पैसे कोणाचे, वापर कोणाचा, मोबाइल कोणाच्या हातात. मोबाइल ज्याच्या हातात, त्याच्याशी आधी बोला. मामाजी अजूनही वडिलांकडे बघूनच बोलतात, पण आता निदान मुलीला “ताई, तुम्ही काय पाहिलं, दाखवा” असं विचारतात.

पायरी तिसरी: गूगलवरचं दुकान उघडा

हे फुकट आहे आणि एका दुपारचं काम आहे. गूगल बिझनेस प्रोफाइल असं त्याचं आजचं नाव. २०२१ पर्यंत माय बिझनेस म्हणत. आधी नकाशावर दुकानाचं नाव शोधा. तुम्ही केलं नसलं तरी कोणीतरी ते टाकलेलं असू शकतं, आणि आमच्यासारखं ‘कायमचं बंद’ही असू शकतं. असेल तर नवीन बनवू नका, त्याच नोंदीवर मालकीचा दावा करा. दोन नोंदी झाल्या की रिव्ह्यू विभागले जातात आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

पडताळणीसाठी आता बहुतेकदा व्हिडिओ मागतात. एकाच सलग व्हिडिओत रस्ता, शेजारची दुकानं, तुमची पाटी, आणि मग दुकान तुमचंच आहे याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडताना किंवा गल्ल्यामागे जाताना, असं दिसलं पाहिजे. सकाळी शटर उघडतानाच काढा. महालाच्या गल्लीत दहानंतर मोटारसायकलींमुळे पाटी दिसत नाही.

नाव पाटीवर आहे तेच टाका. ‘अमुक कूलर्स बेस्ट कूलर इन नागपूर होलसेल’ असली शेपटी लावली की नियमभंग होतो आणि नोंद स्थगित होऊ शकते. हे एकाला मी कितीदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, आणि ऐन एप्रिलमध्ये त्याची नोंद उडाली.

नकाशावरची खूण नेमकी दारावर आहे का ते स्वतः चालत जाऊन तपासा. इतवारी, गांधीबाग, महाल या भागांत पन्नास मीटरची चूक म्हणजे दुसरीच गल्ली. आणि गाडी कुठे लावायची ते लिहा. नव्या नागपुरातला, वर्धा रोड-मनीषनगरचा माणूस जुन्या बाजारात यायला कशाला घाबरत असेल तर ते पार्किंगला. गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं माझ्या सांगण्यावरून वर्णनात एक ओळ टाकली: ‘मेट्रोनं या, चितार ओळी चौक स्टेशनवरून पायी’. प्रजापतीनगरची ती लाइन डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, पण बाजारातल्या फार थोड्या दुकानांनी ती आपल्या पत्त्यात घेतली. लग्नाची खरेदी करायला आलेल्या बाया पिशव्या घेऊन परत मेट्रोनंच जातात, हे त्या कापडवाल्याच्या वहीत नंतर दिसलं.

रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात सवलत किंवा भेट देऊ नका. गूगलला ते चालत नाही, आणि वाचणाऱ्यालाही पाच तारे देऊन ‘नाइस’ लिहिलेलं ओळखता येतं. मागायची वेळ महत्त्वाची. बिलाच्या वेळी नाही, कूलर सुरू होऊन पहिली गार हवा आली तेव्हा. वाईट रिव्ह्यूला दोन दिवसांच्या आत, दोन ओळींत, वाद न घालता उत्तर द्या. नवं गिऱ्हाईक तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर जास्त लक्ष देऊन वाचतं.

पायरी चौथी: व्हॉट्सअॅप, आणि माझी चूक

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप २०१८ च्या जानेवारीत भारतात आलं. घरच्या नंबरावर दुकान चालवू नका. दुकानाची जुनी लँडलाइन असेल, पाटीवर, बिलबुकावर वर्षानुवर्षं तोच नंबर छापला असेल, तर तोच वापरा; पडताळणीचा कोड फोन करून ऐकवतात, त्यामुळे लँडलाइनही चालते.

कॅटलॉगमध्ये दहाच वस्तू टाका, पण प्रत्येकीचा भाव लिहा. ‘किंमत विचारा’ लिहिलं की आजचं गिऱ्हाईक विचारत नाही, पुढे जातं. वहीतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या प्रश्नांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा. आमच्याकडे ‘/घास’ लिहिलं की भाव, किती दिवस टिकते, घरी येण्याचे पैसे आणि कुठकुठल्या भागात येतो, एवढं एका झटक्यात जातं. लेबलं लावा: ‘फिटिंग बाकी’, ‘पुढच्या मार्चला घास’. हे दुसरं लेबल म्हणजेच आमची नवी उधारीची वही.

आता चूक. पहिल्या हंगामात मी मामाजींच्या मोबाइलमधले सगळे नंबर काढले, पुरवठादार, नातेवाईक, जुनी गिऱ्हाइकं, कोणाचं लग्नपत्रिकेसाठी घेतलेलं, आणि साडेतीनशे जणांना ‘समर धमाका’ पाठवला. संध्याकाळपर्यंत नंबरावर बंदी आली. लोकांनी ब्लॉक केलं होतं, काहींनी तक्रार नोंदवली होती. ऐन हंगामात चार दिवस दुकानाचं व्हॉट्सअॅप बंद. मामाजी काही बोलले नाहीत, फक्त मामींनी जेवताना विचारलं, “तुले एवढं शिकवलं कायले?”

त्यानंतर नियम ठरवला. ज्यानं स्वतः हो म्हटलं त्यालाच पाठवायचं, आणि बिलावर त्याची एक चौकट आहे: ‘पुढच्या वर्षी घासची आठवण करून देऊ का?’ याला बहुतेक लोक हो म्हणतात, कारण ती त्यांची सोय आहे. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोचतो, म्हणून बिल देताना नंबर साठवून घ्यायला सांगा, कारण सांगा. आणि सकाळचे सुप्रभात, फुलं, सूर्य हे सगळं बंद. एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदणी आणि मजकुराचा मंजूर नमुना लागतो. एवढा खटाटोप लहान दुकानाला परवडत नाही, असं माझं मत.

पायरी पाचवी: मोबाइलवरचा भाव दाखवला की काय करायचं

दोन गोष्टी करायच्या नाहीत. चिडायचं नाही (“मग तिथूनच घ्या”), आणि लगेच भाव तोडायचा नाही.

समजा ऑनलाइन कूलर ८,४९९ ला आहे आणि तुमचा ९,२०० ला. फरक ७०१ रुपयांचा. सातशे तोडले तर तुमच्या खिशातून सातशे गेले, आणि गिऱ्हाइकाला वाटलं की आधी हा आपल्याला लुटायला बसला होता. त्याऐवजी एक कागद घ्या आणि त्याच्यासमोर लिहा. ऑनलाइन ८,४९९, खिडकीचं लोखंडी स्टँड ६००, बसवायला येणारा माणूस ३००, झाले ९,३९९. आणि जुना कूलर त्याच्या गच्चीवरच. तुमचा ९,२०० मध्ये स्टँड आणि फिटिंग धरून. तुम्हाला स्टँड साडेचारशेत पडतं, मुलाची फेरी दीडशेत, म्हणजे सहाशे. भाव तोडण्यापेक्षा शंभर कमी लागले, आणि गिऱ्हाइकाला नऊशेचं काही मिळाल्याचं दिसलं. आकडे तुमच्या दुकानाचे घाला, पण हिशेब तोंडी सांगू नका. कागदावर लिहा आणि तो कागद त्याला नेऊ द्या. घरी गेल्यावर तो कागद बायकोला किंवा मुलाला दाखवला जातो. ठरवणारं माणूस अनेकदा तिथे असतं.

हिशेब मांडूनही तुम्ही महाग पडत असाल तर ती वस्तू ठेवूच नका. छोटे प्लास्टिकचे कूलर आम्ही सोडून दिले. पत्र्याचे, घास, टिल्लू पंप (कूलरमधला पाणी चढवणारा छोटा पंप) आणि मोटरची दुरुस्ती यात आमच्याशी पार्सलवाला स्पर्धा करू शकत नाही.

किराणावाल्यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ब्लिंकिट, इन्स्टामार्टवाल्यांशी मिनिटांत शर्यत लावू नका, हराल. महिन्याची यादी फोटो काढून पाठवली की संध्याकाळी घरपोच, खराब निघालं तर परत, आणि ज्या वस्तूला चव आणि गाव आहे ती दर्शनी ठेवा. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद, दोन्हींना जीआय मानांकन आहे, दोन्ही आपल्याच शेजारच्या. साठवणीचं तिखट-हळद करायच्या दिवसांत यांची विचारणा होतेच. त्या वेळी ‘कांडून मिळेल’ एवढी एक पाटी दहा ऑफरींचं काम करते. सोन्यात तर गिऱ्हाईक आता दागिन्यावरचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) स्वतः अॅपवर तपासतं. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. जो सराफ “हे घ्या, तुमच्या मोबाइलवर तपासा” असं आपणहून म्हणतो, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही.

पायरी सहावी: नागपूरचं पंचांग

ही पायरी माझ्या आवडीची, म्हणून जरा थांबतो. बाहेरून तयार आलेली मार्केटिंगची कॅलेंडरं नागपुरात हमखास चुकतात. एका एजन्सीनं आमच्या ओळखीच्या स्टेशनरीवाल्याची ‘शाळा सुरू’ची जाहिरात जूनच्या पहिल्या आठवड्यात चालवली आणि बजेट संपवलं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या मागून. त्याचं गिऱ्हाईक बाजारात उतरलं तेव्हा जाहिरातीचे पैसे संपलेले होते.

कूलरचं वर्ष होळीनंतर सुरू होतं, माळ्यावरून कूलर उतरतो तेव्हा. पहिले तीन आठवडे घास आणि दुरुस्तीचे. नवा कूलर घेणारे एप्रिलमध्ये, पारा चाळीस ओलांडल्यावर. म्हणून मार्चमध्ये नव्या कूलरची जाहिरात करणं वाया. मार्चमध्ये घासची करा, घरात शिरा, जुना कूलर पत्र्यातून गळतोय हे तुमच्या फिटिंगच्या मुलालाच आधी दिसेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा म्हणजे लहान मुलांचा सण: लाकडी बैल, सजावट, घरोघरी बोजारा (मुलांना मिळणारे पैसे-खाऊ). खेळणी, मुलांचे कपडे, मिठाई यांच्यासाठी आपल्याकडे मोठा दिवस, आणि तयार कॅलेंडरमध्ये तो नसतोच. मात्र त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे वाईटाचं प्रतीक म्हणून केलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. महाल-इतवारीत डिलिव्हरीचा शब्द कोणाला देऊ नका.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची ती आठवण असते, आणि तिथे सगळ्यात जोरात विकली जातात ती पुस्तकं. ही जत्रेची गर्दी समजून माल लावणारे फसतात. लोक दूरच्या गाडीनं आलेले असतात, एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी. हलकं, न फुटणारं, नीट बांधून दिलेलं, असं पाहिजे. गर्दीत नेटवर्क अडतं, म्हणून सुटे पैसे ठेवा.

संत्र्याचे दोन बहार: अंबिया दिवाळीच्या आगेमागे, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेटी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायची हा आता चांगला धंदा झाला आहे, आणि तिथेही पैसे देणारा आणि खाणारा वेगळा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन: सदर, सिव्हिल लाइन्स, बर्डीच्या खानावळवाल्यांनी गूगलवरच्या वेळा आणि मेन्यूचे फोटो नोव्हेंबरातच ताजे करावेत. बाहेरगावचा माणूस सावजी कुठे चांगलं हे आता रिक्षावाल्याला विचारत नाही.

पायरी सातवी: मग जाहिरात

एवढं झालं असेल तरच पैसे खर्च करा. दिवसाला पाचशे, दहा दिवस, दुकानापासून ठरावीक किलोमीटरच्या घेरात. पहिल्या खेपेला याहून जास्त नको.

भाषा बघा. ‘आपल्या कूलरची सर्व्हिसिंग त्वरित करून घ्या’ हे वाचून कोणी उठत नाही. ‘कूलर उतरवला का माळ्यावरून? घास बदलून देतो, घरी येऊन’ याला आमच्याकडे मेसेज आले. नागपूरच्या काउंटरवर मराठी-हिंदी मिसळूनच चालते, तर जाहिरातीतही चालू द्या. दोन वेगळ्या जाहिराती करून कुठली चालते ते पाहिलं तर आणखी बरं. व्हिडिओत नट नको. फिटिंगचा मुलगा सडलेली घास काढतोय, खाली काळं पाणी गळतंय, मग नवी बसवतोय: तीस सेकंद, पार्श्वसंगीताशिवाय. मामाजींनी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात घाण जाहिरात, असं ते म्हणतात. सगळ्यात जास्त फोन तिच्यावरूनच आले.

इन्स्टाग्रामवर तर्री पोह्याचे व्हिडिओ करणाऱ्या मुलांकडून प्रसिद्धी घेणार असाल तर पैसे किंवा वस्तू दिल्याचं त्यांनी व्हिडिओत स्पष्ट सांगितलं पाहिजे. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माल पुरेसा नसताना स्वस्त भावाचं आमिष दाखवणंही चालत नाही. वेबसाइट असेल तर खोटी घाई (‘फक्त २ शिल्लक’) आणि शेवटच्या पानावर वाढवलेले पैसे हे नोव्हेंबर २०२३ पासून डार्क पॅटर्न म्हणून निषिद्ध आहेत. गिऱ्हाइकाला १९१५ हा हेल्पलाइन नंबर आता माहीत असतो.

हिशेब असा ठेवा. समजा पाच हजार खर्चले, चाळीस मेसेज आले, अकरा जण दुकानात आले, सहा जणांनी कूलर घेतला. एक गिऱ्हाईक साधारण ८३३ रुपयांना पडलं. कूलरमागे अकराशे सुटत असतील तर ६,६०० आले, सोळाशे उरले. थोडे वाटतील. पण त्या सहांपैकी पुढच्या मार्चला घास बदलून घेणारे किती, हे लेबलवरून दिसतं, आणि त्या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य असतो. लाइक मोजू नका. प्रत्येक नव्या माणसाला बिल करताना विचारा, “कसं कळलं आपल्याबद्दल?” आणि उत्तर वहीत लिहा. आमच्याकडे ‘सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं’ हे उत्तर वाढत गेलं, तेव्हा बेसा आणि मनीषनगरसाठी आम्ही एक दिवस बांधून दिला: शनिवारी तिकडच्याच फेऱ्या, एका सोसायटीत तीन घरं असतील तर येण्याचे पैसे नाहीत. जाहिरात त्यांनीच केली.

जाहिरात कधी बंद करायची

हे कोणी सांगत नाही. एप्रिलच्या शेवटी पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की फोन आपोआप वाजायला लागतात आणि फिटिंगची मुलं दोनच असतात. दुपारी बारा ते चार छतावर कोणाला चढवता येत नाही, चढवूही नये. तेव्हा जाहिरात चालू ठेवली तर तुम्ही पैसे देऊन उशीर विकत घेता, आणि उशिराचे रिव्ह्यू वर्षभर राहतात. पहिल्या हंगामात आमचे दोन एक-ताऱ्याचे रिव्ह्यू याच आठवड्यातले.

आता २० एप्रिलला जाहिरात थांबते. व्हॉट्सअॅपच्या आपोआप उत्तरात आणि दुकानाच्या पाटीवर खडूनं एकच मजकूर असतो, रोज बदललेला. काल तिथे लिहिलं होतं: ‘आज नंबर लावला तर फिटिंग परवा, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. तोपर्यंत घासवर पाणी मारत राहा.’